मूल कोणाच्या ताब्यात, आणि ताबा घेणाऱ्यावर लक्ष कोणाचे?

दहा-बारा वर्षांची मुलगी रात्री कल्याण स्थानकाच्या फलाटावर एकटी सापडते. एखाद्या मुलाच्या अंगावरचे वळ बाईंना वर्गात दिसतात. गावात पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव पडल्याचे अंगणवाडी सेविकेला कळते. अशा प्रत्येक वेळी दोन यंत्रणांनी धावून यायचे असते, एक पोलिसांची आणि दुसरी बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची. दोघांच्या हातात मोठी सत्ता आहे. मुलाला घरातून बाहेर काढणे, बालगृहात ठेवणे, आईबापांना भेटू देणे किंवा न देणे, त्याच्या तोंडून निघालेला शब्द जबाब म्हणून कागदावर उतरवणे, हे सारे त्यांच्या अखत्यारीत येते. हा निर्णय ज्याच्याबद्दल होतो ते मूल बहुतेक वेळा तक्रार करायच्या स्थितीतच नसते.

म्हणून या सत्तेवर देखरेख हवी. आपल्या कायद्याने ती बऱ्यापैकी तपशिलात लिहून ठेवली आहे. ती कुठे चालते, कुठे अडते आणि अडली की काय होते, ते महाराष्ट्रातल्या दोन आणि बिहारमधल्या एका प्रकरणाच्या आधाराने पाहू.

कोणाचे काम काय

2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्याने मुलांचे दोन गट केले. कायद्याशी संघर्ष झालेली मुले, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती, बाल न्याय मंडळापुढे जातात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले बाल कल्याण समितीपुढे येतात. आपला विषय मुख्यतः दुसऱ्या गटाचा आहे.

बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यात किमान एक स्त्री आणि एक बालविषयक तज्ज्ञ लागतो. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसायचे असते. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते. या क्षेत्रात सगळे तिला ‘सीडब्ल्यूसी’ म्हणतात आणि मुलाबाबतचा शेवटचा शब्द बहुधा तिचाच असतो.

तिच्या आदेशांवर प्रत्यक्ष धावपळ करतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते ही तिथली माणसे. गृहचौकशी करणे, मुलाच्या घरची परिस्थिती लिहिणे, नातेवाईक शोधणे, बालगृहातल्या मुलांचा पाठपुरावा करणे ही त्यांची कामे. बहुतेक पदे कंत्राटी आहेत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पोलिसांच्या बाजूने कायद्याचे कलम 107 सांगते की प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा. प्रत्येक जिल्ह्यात आणि शहरात विशेष बाल पोलीस पथक असावे, त्याचा प्रमुख किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा असावा, आणि त्या पथकात मुलांच्या क्षेत्रातला अनुभव असलेले दोन समाजकार्यकर्ते असावेत, त्यातली एक स्त्री. पोलिसांच्या पथकातच समाजकार्यकर्त्याला बसवण्याची ही कल्पना मला या साऱ्या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन खाती एकमेकांना पत्रे पाठवत बसण्याऐवजी दोन माणसे एका टेबलापाशी बसावीत, असा तिचा हेतू आहे.

व्यवहारात ठाण्यातला हा अधिकारी ‘अतिरिक्त कार्यभार’ सांभाळणारा असतो. गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, मोर्चा यांतून उरलेला वेळ मुलांना मिळतो. त्याचे प्रशिक्षण होते, त्याला काम समजू लागते आणि त्याची बदली होते. नवा अधिकारी येतो तेव्हा समाजकार्यकर्त्याला ओळख पहिल्यापासून वाढवावी लागते. महाराष्ट्रात पोलीस आणि बालसंरक्षण यांचे सहकार्य अनेक ठिकाणी व्यवस्थेपेक्षा अशा वैयक्तिक ओळखीवरच चालते.

पहिले चोवीस तास

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवले पाहिजे, असे कलम 19 सांगते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. पोलिसांनी माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. संशयित मुलाच्या घरातलाच असेल, तर मुलाला तिथे ठेवायचे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे असते.

जबाब घ्यायचा तो मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, कारण काहीही असो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि तेव्हा पालक किंवा मुलीच्या विश्वासाचे माणूस जवळ हवे.

हे सारे लिहिलेले असूनही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले. एका शाळेच्या पूर्वप्राथमिक वर्गातल्या सुमारे चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागले. शाळेने स्वतःहून पोलिसांना कळवले नव्हते. 20 ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे स्थानकात रुळांवर उतरून लोकलसेवा रोखून धरली. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेने माहिती का दिली नाही आणि दुसऱ्या मुलीचा जबाब नोंदवायला उशीर का झाला, असे न्यायालयाने विचारले. माहिती दडवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.

या प्रकरणाची चर्चा झाली ती मुख्यतः आरोपीची, त्याच्या पोलीस गोळीबारात झालेल्या मृत्यूची आणि राजकारणाची. मला मात्र त्या पहिल्या काही तासांतली पोकळी अधिक टोचते. तक्रार घेऊन आलेल्या आईला बसायला जागा कोणी दिली, तिच्याशी कोण बोलले, समितीला कोणी कळवले, मुलीजवळ प्रशिक्षित माणूस कधी पोचले? पथकातले दोन समाजकार्यकर्ते असतात ते याच तासांसाठी. लोक रुळांवर उतरल्यावर सुरू झालेली देखरेख त्या पालकांच्या प्रतीक्षेला उपयोगी पडली नाही.

दोघांची नजर वेगळी

पोलीस आणि समाजकार्यकर्ते यांच्यात खटके उडतात. त्याला आडमुठेपणापेक्षा कामाचे स्वरूप अधिक कारणीभूत आहे. तपास अधिकाऱ्याला न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा असतो आणि तो लवकर हवा असतो, कारण उशीर झाला की बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवतो. समाजकार्यकर्त्याला ठाऊक असते की घाबरलेले मूल पहिल्या दिवशी सगळे सांगत नाही. कधी ते जबाब बदलते, कधी आरोपीचीच बाजू घेते, विशेषतः आरोपी बाप किंवा मामा असेल तर.

मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागणे हे यातले सर्वांत मोठे नुकसान. आधी घरी, मग शाळेत, ठाण्यात, रुग्णालयात, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि शेवटी खटल्यात. त्यात समितीच्या सदस्याने कुतूहलाने किंवा कर्तव्यभावनेने पुन्हा ‘काय झाले ते सांग’ म्हणून विचारले, तर मुलाच्या जखमेला आणखी एक हात लागतो आणि दोन निवेदनांतला बारीकसा फरक बचाव पक्षाच्या कामी येतो. समितीला गुन्हा सिद्ध करायचा नसतो. मूल आज कुठे सुरक्षित राहील, त्याला कोणते उपचार हवेत, त्याची शाळा कशी चालू राहील, हे तिने ठरवायचे असते. त्यासाठी घटनेचा तपशील मुलाच्या तोंडून काढायची गरज नाही. अनुभवी सदस्य पोलिसांकडून आलेला प्राथमिक अहवाल वाचतात आणि मुलाशी जेवण, झोप, भीती, मैत्रिणी यांबद्दल बोलतात.

या दोन नजरांमधला दुवा म्हणून पोक्सोच्या नियमांत सहायक व्यक्तीची योजना आहे. ठाण्यापासून न्यायालयापर्यंत मुलाबरोबर राहणारे हे माणूस समिती नेमते. खटला कुठवर आला हे ते कुटुंबाला सांगते, नुकसानभरपाईच्या अर्जाला मदत करते आणि समितीला दरमहा अहवाल देते. तो मासिक अहवाल म्हणजे देखरेखीचे एक स्वस्त आणि फार उपयोगी साधन आहे. त्यातून पोलिसांचा तपास रेंगाळला का, आरोपीच्या माणसांनी कुटुंबावर दबाव आणला का, हे समितीला घरबसल्या कळू शकते. फक्त अहवाल फाईलला लागण्याआधी कोणीतरी तो वाचायला हवा.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. मुलाची ओळख उघड करण्यास दोन्ही कायद्यांत मनाई आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही सुटका केलेल्या मुलांचे अधिकाऱ्यांसोबतचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात. सहकार्याचा अर्थ मुलाची फाईल सगळ्यांना उघडी करणे असा नाही.

गावातले सहकार्य

शहरातल्या चर्चेत जी बाजू हरवते ती गावातली. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. बीड, जालना यांसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यांत बालविवाह रोखण्याचे काम याच माणसांवर पडते. निनावी फोन येतो, बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता ठाण्याला कळवतो, पोलिसांची गाडी मांडवात पोचते, लग्न थांबते. मुलीला समितीपुढे आणतात, आईबाप हमीपत्र लिहून देतात आणि मुलगी घरी जाते.

त्यानंतर काय? हंगाम सुरू झाला की कुटुंब कोयते घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात जाते. तिथे लग्न लावले तर या जिल्ह्याच्या समितीला कळणार कसे? थांबवलेल्या लग्नांचा आकडा सहज मोजता येतो, म्हणून तो मोजला जातो. सहा महिन्यांनी ती मुलगी शाळेत आहे का, हे पाहायला माणूस आणि गाडी लागते. ज्या सेविकेने कळवले तिला त्याच गावात राहायचे असते. तिचे नाव पोलिसांकडून फुटले, तर पुढच्या वेळी ती कळवणार नाही आणि तिला दोष देता येणार नाही. माहिती देणाऱ्याचे नाव सांभाळणे ही पोलीस आणि बालसंरक्षण यांच्यातल्या विश्वासाची पहिली अट आहे.

समाजकार्यकर्त्यावर कोणाचे लक्ष

डॉक्टरचा हलगर्जीपणा झाला तर वैद्यकीय परिषद आहे, वकिलासाठी बार कौन्सिल आहे. बालसंरक्षणात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची मात्र अशी कोणतीही वैधानिक नोंदणी परिषद भारतात नाही. बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू पदवी असली तरी परवाना नाही, आचारसंहिता मोडल्यास सनद रद्द होण्याची सोय नाही. एका संस्थेतून वाईट वर्तनामुळे गेलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेत रुजू होऊ शकतो. ही मला या व्यवस्थेतली मोठी फट वाटते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

त्यामुळे समाजकार्यकर्त्याच्या कामावरची देखरेख त्याच्या अहवालांमार्फत होते. समितीच्या आदेशानंतर सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण करायची असते, आणि मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यायचा असतो. चांगला अहवाल वाचला की लिहिणारा त्या घरात गेला होता हे लगेच कळते. चूल कुठे आहे, मूल झोपते कुठे, आजी काय म्हणाली, शेजारीण काय म्हणाली, हे त्यात येते. वाईट अहवालात ‘कौटुंबिक परिस्थिती हलाखीची, पालक काळजी घेण्यास असमर्थ’ एवढेच असते आणि पुढच्या अहवालातही तेच शब्द असतात. गरिबी आणि दुर्लक्ष यांतला फरक न करणाऱ्या अशा एका ओळीवर मूल वर्षानुवर्षे बालगृहात राहू शकते. कायदा मात्र सांगतो की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय.

कंत्राटी नेमणुकीचा मुद्दा इथे येतो. दरवर्षी ज्याचे कंत्राट नव्याने होते, त्या कार्यकर्त्याने वजनदार संस्थाचालकाविरुद्ध किंवा ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाविरुद्ध लिहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या बळावर करतो? ज्याच्या अहवालावर मुलाचे आयुष्य ठरते त्याची नोकरी सुरक्षित नसेल, तर तो अहवालही सुरक्षित शब्दांतच लिहिला जाईल. मुलांशी प्रामाणिक राहणारे अनेक कार्यकर्ते हा धोका पत्करून लिहितात, आणि त्यांच्यामुळेच ही व्यवस्था उभी आहे.

बालगृहाची तपासणी आणि मुजफ्फरपूर

कायद्याने बालगृहांभोवती तपासणीची अनेक कडी घातली आहेत. प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. जिल्हा तपासणी समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा भेट द्यायची, भेटीला किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. बाल कल्याण समितीने स्वतः महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्यायच्या. शिवाय केंद्राच्या आदर्श नियमांत मुलांची स्वतःची समिती आहे आणि तक्रारपेटीही आहे. ही पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची. तिची किल्ली संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या प्रतिनिधींसमोर उघडायची. हे ज्याने लिहिले त्याला बालगृह आतून माहीत असले पाहिजे.

आता बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे बालिकागृह पाहा. तिथेही अधिकारी तपासणीला जात होते, शेरेबुकात शेरे लिहिले जात होते. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या क्षेत्रकृती प्रकल्पाच्या चमूने बिहार सरकारच्या सांगण्यावरून राज्यातल्या निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि 2018 मध्ये अहवाल दिला. त्यात मुजफ्फरपूरच्या गृहात मुलींवर हिंसा आणि लैंगिक अत्याचार होत असल्याचे नोंदवले होते. आणखीही अनेक संस्थांबद्दल गंभीर निरीक्षणे होती. चमूने काही चमत्कार केला नव्हता. त्यांनी मुलींशी वेळ देऊन, विश्वास कमावून संवाद साधला होता. जे शेरेबुकात आले नव्हते ते मुलींनी सांगितले.

पुढे काय झाले ते आणखी धडा देणारे आहे. एप्रिलअखेर अहवाल गेला आणि गुन्हा 31 मे 2018 रोजी नोंदला गेला. मधला महिना मुली तिथेच होत्या. प्रकरण सीबीआयकडे गेले. बाकीच्या संस्थांच्या प्रकरणांत योग्य कलमे लावली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला खडसावले आणि तीही प्रकरणे सीबीआयकडे सोपवली. खटला दिल्लीच्या साकेत न्यायालयात हलवण्यात आला. जानेवारी 2020 मध्ये वीसपैकी एकोणीस आरोपी दोषी ठरले. त्यांत संस्थाचालकाबरोबर तिथल्या बाल कल्याण समितीचे माजी अध्यक्ष होते, समितीचा एक सदस्य होता, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अधिकारी होता. कक्षाच्या एका माजी सहायक संचालिकेला माहिती न कळवल्याबद्दल शिक्षा झाली.

म्हणजे ज्या पदांची यादी मी वर ‘देखरेख करणारे’ म्हणून दिली, त्यांतलीच पदे आरोपींच्या यादीत होती. देखरेख करणारे आणि ज्यांच्यावर देखरेख करायची ते एकाच तालुक्यातले, एकाच जेवणावळीतले, एकमेकांच्या उपकारात असले की भेटींची संख्या निरर्थक होते. बाहेरून आलेल्या, संस्थाचालकाशी देणेघेणे नसलेल्या माणसाने मुलांशी कर्मचारी जवळ नसताना बोलणे, याला पर्याय सापडलेला नाही. प्रत्येक तपासणी अहवालात मी एकच रकाना आधी पाहीन, किती मुलांशी एकांतात बोलणे झाले आणि किती वेळ.

कुलाब्याचे प्रकरण

मुंबईलाही असा अनुभव आधी येऊन गेला आहे. 1996 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच प्रकल्पातून मुंबईत 1098 ही चाइल्डलाइन सुरू झाली. दक्षिण मुंबईत कुलाबा परिसरात रस्त्यावरच्या मुलांसाठी ब्रिटिश नागरिकाने चालवलेली ‘अँकरेज’ नावाची निवारागृहे होती. तिथे मुलांवर अत्याचार होत असल्याची माहिती स्वयंसेवी कार्यकर्त्यांपर्यंत आणि चाइल्डलाइनपर्यंत पोचली. पोलीस पातळीवर तक्रारीला गती मिळेना, तेव्हा कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयाने बाल न्यायासाठी नेमलेल्या राज्य देखरेख समितीकडे गेले. निवृत्त न्यायमूर्ती होस्बेट सुरेश तिचे अध्यक्ष होते. समितीने लक्ष घातले, विषय उच्च न्यायालयापुढे आला आणि 2001 मध्ये गुन्हा नोंदला गेला.

2006 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. 2008 मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. 18 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीपासून दहा वर्षे गेली. तेव्हाची मुले तरुण झाली होती, आणि या काळात त्यांना सांभाळून साक्षीसाठी उभे ठेवले ते समाजकार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी.

पोलीस आणि समाजकार्यकर्ते यांच्यात अडले की दार ठोठवायला तिसरी, स्वतंत्र जागा लागते. मुंबईत ती न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या रूपाने होती, म्हणून प्रकरण पुढे सरकले. पुढे 9 फेब्रुवारी 2018 च्या संपूर्णा बेहुरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीवर स्वतःहून लक्ष ठेवायला सांगितले. ही याचिका 2005 पासून चालू होती.

समितीवरची नजर, आणि 2021 ची दुरुस्ती

बाल कल्याण समिती चुकली तर? सदस्य सलग तीन महिने गैरहजर राहिला किंवा वर्षातल्या तीनचतुर्थांशांहून कमी बैठकांना आला, तर त्याची नेमणूक रद्द होऊ शकते. जिल्हाधिकारी दर तीन महिन्यांनी समितीच्या कामाचा आढावा घेतात. प्रकरणे तुंबली आणि सूचना देऊनही तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही, तर राज्य सरकारने समिती बरखास्त करून नवी नेमायची आहे. 2021 च्या दुरुस्तीने, जी 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली, आणखी एक चांगली अट घातली. जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीवर येऊ शकत नाही. मुजफ्फरपूरनंतर हे व्हायलाच हवे होते.

याच दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले. आता बालसंरक्षण कक्ष, तपासणी, आढावा आणि समितीबद्दलच्या तक्रारी हे सगळेच त्यांच्या टेबलावर आले. दुष्काळ, निवडणुका, भूसंपादन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला मुलाच्या ताब्याबद्दलच्या तक्रारीसाठी किती वेळ मिळेल, ही शंका रास्त आहे.

याहून मोठी हरकत तिसऱ्या बदलाला आहे. बाल न्याय कायद्यातल्या तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांना या दुरुस्तीने अदखलपात्र केले. मुलाला भीक मागायला लावणे, त्याला दारू किंवा अमली पदार्थ देणे, ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणे, हे गुन्हे या टप्प्यात येतात. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. सिग्नलवर बाळाला गुंगी आणून भीक मागणारी टोळी समाजकार्यकर्त्याने दाखवून दिली, तरी ठाण्यातून ‘आधी कोर्टाचा आदेश आणा’ असे उत्तर मिळू शकते. जे सहकार्य आधीच नाजूक आहे त्याच्या वाटेत कायद्यानेच अडथळा उभा केला. ही तरतूद मागे घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार कुठे करता येते

मुलाला तातडीची मदत हवी असेल तर 1098 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो. 2023 पासून तो सरकारी यंत्रणेकडे आला आणि 112 शी जोडला गेला. नियमाप्रमाणे बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांची नावे आणि संपर्क क्रमांक प्रत्येक ठाण्यात ठळक लावलेले असायला हवेत. तुमच्या ठाण्यात फलक नसेल तर लेखी मागा. शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

ठाण्याने दाद दिली नाही, तर समितीला थेट कळवता येते. तक्रारीची चौकशी करून पोलिसांना निर्देश देण्याचा तिला अधिकार आहे. समितीबद्दलच तक्रार असेल तर जिल्हाधिकारी, आणि त्यापलीकडे राज्य बालहक्क संरक्षण आयोग. आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तो साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. शिक्षा मात्र देऊ शकत नाही, फक्त शिफारस करतो, त्यामुळे शिफारशीचे काय झाले हे तक्रारदाराने पत्राने विचारत राहावे लागते. पोक्सोखाली सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, शिक्षक, रिक्षावाले काका, कोणीही कळवू शकते.

मूल स्वतःही बाल कल्याण समितीपुढे येऊ शकते, कलम 31 मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्या हातात पोलिसांचे पत्र नाही म्हणून समितीने त्याला दारातून परत पाठवणे कायद्यात बसत नाही.